अठ्ठावीस टक डावीकडे

साल्मी क्रीक, मिशिगन
१४ ऑक्टोबर, शनिवार

रेनो,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. विसरले नाहीये.

काल दुकानात मी कॉफीचा डबा घेत होते, तर मागून वेस टेर्वो म्हणाला, "हेल्मी, मनाला लावून घेऊ नकोस. हात काय, कुणाचाही हलतो." मी म्हटलं, "कुणाचा हलला?" तो गडबडला. "नाही, म्हणजे, रेनो म्हणत होता..."

तर रेनो म्हणत होता. गेल्या रविवारी चर्च सुटल्यावर, सगळं गाव कॉफी घेत उभं असताना, वेलदोड्याचा पाव कपात बुडवत माझा सख्खा भाऊ रेनो म्हणत होता की बाईमाणसाचं असंच असतं, समोर दहा टोकांची शिंगं आली की बाई दोरी सोडायचा खटका दाबत नाही, हिसका देते.

माझं वय अठ्ठावन्न. चौतीस वर्षं मी धनुष्याने शिकार करते. एकोणीस हरणं मी या जंगलातून घरी आणली आणि त्यांतलं एकही बाण लागल्यावर शंभर पावलांच्या पुढे गेलं नाही. तुला सांगायची गरज नाही. निम्मी ओढून आणायला तूच होतास.

आता ऐक. घरी येऊन मी धनुष्य स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवं घातलं. नेमाची माशी, नेम धरायचा तो ठिपका, ज्या पट्टीवर सरकते ना, तिथे मी दरवर्षी नेलपॉलिशने एक रेघ ओढते. माशी माझ्या डोळ्याला नेमकी कुठे बसते त्याची खूण. ती रेघ आता माशीसमोर नाही. मी स्क्रू फिरवत माशी परत रेघेवर आणली आणि स्क्रूचे टक-टक आवाज मोजले. एक टक म्हणजे केसाएवढं अंतर. अठ्ठावीस भरले. अठ्ठावीस टक डावीकडे.

सप्टेंबरात धनुष्य तुझ्याकडे दिलं होतं ते दोरी बदलायला. फक्त दोरी. शिकारीच्या आदल्या संध्याकाळी तू ते परत दिलंस, "झालंय" म्हणालास, आणि दुसऱ्या दिवशी मी मचाणावर होते. मधल्या काळात त्या स्क्रूला हात कुणी लावला? माझ्या मांजराने?

तो दहा टोकांचा नर गेल्या शनिवारी संध्याकाळी सव्वापाचला आला आणि बाण त्याच्या पोटात बसला. छातीत नाही, पोटात. रविवारी चर्चनंतर आणि सोमवारी आपण दोघं माग काढत फिरलो, आणि बुधवारी वेसला डोमकावळ्यांच्या ओरडण्यावरून तो सापडला, तेव्हा शिंगांपलीकडे उपयोगाचं काही उरलं नव्हतं. पोटात बाण घेऊन जनावर कसं मरतं ते तूच मला विशीत शिकवलंस. ते मला आठवडाभर आठवतंय.

तेव्हा एक काम कर. उद्या त्याच कॉफीला, त्याच लोकांसमोर एवढं म्हण: हेल्मीच्या धनुष्याची माशी मी सरकवली आणि तिला सांगितलं नाही. तू हे म्हणेपर्यंत मी शनिवारच्या सौनाला, वाफेच्या आंघोळीला, तुमच्याकडे यायची नाही. माझ्या घरात नळ आहे.

तुझ्या बायकोचं, डार्लीनचं, भांडं तुमच्या पत्रपेटीवर ठेवलंय. घासून ठेवलंय.

हेल्मी


२२ ऑक्टोबर, रविवार

रेनो,

तुझं उत्तर मिळालं. तेलाच्या पावतीच्या पाठीवर तीन ओळी. साधा कागदसुद्धा घ्यावासा वाटला नाही.

'वीस यार्डांवर अठ्ठावीस टक म्हणजे दोन बोटं. हरणाची छाती ताटाएवढी असते. दोन बोटांनी हरीण हरवत नाही.'

हे तू लिहितोस? वेसला तीन टकांसाठी तुझ्या गॅरेजमध्ये दुपारभर उभं करणारा तू? तो बिचारा म्हणाला होता, "रेनो, अरे मला हरीण मारायचंय, त्याचे दात नाही कोरायचे." तर तू त्याचं धनुष्य भिंतीवर टांगलंस आणि म्हणालास, "मग घरी जा, उद्या ये. जनावर आपलं काही देणं लागत नाही, आपण त्याला निदान सरळ बाण तरी द्यावा." तीन तालुक्यांतून लोक तुझ्याकडे माशी बसवायला येतात ते काय तुझ्या गोड बोलण्यासाठी? तेव्हा केसाएवढ्या टकाने जग बुडत होतं, आणि आता बहिणीचं धनुष्य बिघडवलंस तेव्हा अठ्ठावीसांनीही काही होत नाही.

तू कबूल करत नाहीस, याचा मला राग नाही. तू कुठे कधी काही कबूल केलं आहेस. मला राग याचा आहे की तू हिशेबाच्या आड लपतोयस. 'दोन बोटं.' बरं. मी करून बघते. शाळेच्या स्वयंपाकघरातून दुपारी दोनला सुटते, उजेड असतो. शाळेमागे वीस यार्डांवर गवताची गठडी लावून बाण मारते आणि तुला आकडा आणून देते. मी वीस यार्डांवरूनच मारला होता, त्या दिवशीही तुला तेच सांगितलं.

काल शनिवार होता. मी न्हाणीच्या टबात बसले. गुडघे बाहेर राहतात.

हेल्मी


५ नोव्हेंबर, रविवार

रेनो,

साठ बाण मारले. तीस माझ्या रेघेवर माशी ठेवून, तीस तुझ्या अठ्ठावीस टकांवर. फरक दोन बोटांचा. उजवीकडे दोन बोटं, त्यापेक्षा नखभरही जास्त नाही.

तुझं बरोबर होतं. हे वाक्य लिहायला मला आठवडा लागला. आजच्या आज परत वाचून घे, पुन्हा मिळायचं नाही.

आता दुसरं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. वीस यार्ड नव्हते. तो नर उभा होता तिथून मचाणाच्या झाडापर्यंत मी नंतर एकटीने अंतर मोजलं. त्रेचाळीस. आणि बाण सुटला त्या क्षणी त्याने एक पाऊल पुढे टाकलं. त्रेचाळीस यार्डांवर बाण पोचेपर्यंत हरणाला एक पाऊल टाकायला वेळ मिळतो. मला माहीत आहे. तूच शिकवलंस की पंचविसाच्या पुढे दोरी ओढायची नाही, मग समोर देव आला तरी. आदल्या संध्याकाळी मी तीन बाण मारून बघितले होते, तेही घाईत. तिन्ही थोडे उजवीकडे गेले. म्हटलं, मी दमलेय. झोपायला गेले.

मी का मारला? विचारणार नाहीस, तरी सांगते. तो तुझा होता म्हणून. तीन वर्षं तू त्याच्यासाठी थांबलास. दोनदा तो तुझ्या मचाणाखालून गेला आणि तू सोडलास, अजून एक वर्ष वाढू दे म्हणून. सगळ्या गावाला तो 'रेनोचा नर' म्हणून ठाऊक होता. बाबांचं मचाण तुला, बाबांची बंदूक तुला, तलावाकाठचं घर तुला, आणि जंगलातलं हरीणसुद्धा तुझंच. तो त्या संध्याकाळी माझ्या झाडांत आला आणि परत फिरायला लागला, तेव्हा मी म्हटलं, आज नाही. आज हा माझा.

झालं. जनावराची मी गुन्हेगार आहे. तुझी नाही.

कारण माशीला तू हात लावलासच. फरक पडला की नाही हा प्रश्नच नाही. माझं धनुष्य माझ्या डोळ्याला बसलेलं होतं आणि तू मला न विचारता, न सांगता ते सरकवलंस. का? इतक्या वर्षांत कुणाचं धनुष्य तू असं परत दिलेलं नाहीस.

आणि अजून एक मला खातं आहे. त्या रविवारी दुपारी, पडलेल्या भूर्ज झाडापाशी. मी म्हटलं, "रेनो, तुझ्या पायापाशी रक्त आहे, पानावर." तू वाकून बघितलंस. चांगलं वाकून. आणि म्हणालास, "काही नाही. पानाचाच रंग आहे. तो ओढ्याकडे गेलाय." मी तुझं ऐकलं, कारण मागावर मी कायम तुझं ऐकत आले. दोन दिवस आपण ओढा पालथा घातला. वेसला तो सापडला भूर्जाच्या वरच्या अंगाला, तिथून दोनशे पावलांवर. तू रक्तावर उभा होतास, रेनो.

तुझ्या नराला मी हात लावला म्हणून तू तो मला मिळू दिला नाहीस का? मला खरं सांग. तसं असेल तर आपण दोघंही नालायक आहोत, निदान तेवढं तरी सारखं वाटून घेऊ.

हेल्मी


१९ नोव्हेंबर, रविवार

रेनो,

आधीच्या पत्राला उत्तर नाही. ठीक आहे. हे पत्र वेगळं आहे. हे बसून वाच. डार्लीनकडून वाचून घेत असशील, तर डार्लीन, तूही बस.

बुधवारी बंदुकीच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला आणि शाळेला सुट्टी पडली. मी पेस्ट्या, मांस-बटाट्याच्या करंज्या, भाजल्या आणि त्यांतल्या दोन घेऊन वेसकडे गेले. खरं तर त्याची माफी मागायला, की माझं हरीण त्याला शोधावं लागलं. त्याचं धनुष्य दारामागे टांगलेलं होतं. मी म्हटलं, "वेस, हे रेनोने या वर्षी बसवलं का?"

"ऑगस्टात."

"कसं मारतं?"

त्याने आधी दार लावून घेतलं. "उजवीकडे जातं," म्हणाला.

"किती?"

"दोन बोटं. हेल्मी, रेनोला सांगू नकोस हां. मला वाटलं मीच म्हातारा झालो. मी आपलं जरा डावीकडे धरून मारतो."

मी तिथून उठून ग्लेन सारीकडे गेले. तो टपालाची गाडी धुवत होता. त्याचं धनुष्य तू जुलैमध्ये बसवलंस. मी काही विचारायच्या आधी तोच म्हणाला, "तुझ्या भावाने या वेळी काय केलंय कोण जाणे. मी घरी येऊन गुपचूप तीस टक परत फिरवले. त्याच्यासमोर बोलायची कुणाची छाती आहे?"

जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. तीन धनुष्यं, तीन वेगळी माणसं, आणि सगळी एकाच बाजूला, जवळजवळ एकाच मापाने चुकलेली. मी ग्लेनच्या अंगणात उभी राहिले आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. मग थोड्या वेळाने परत आला, आणि तो आधीच्या दसपट होता.

तू माझ्या धनुष्याशी काहीही वाईट केलं नाहीस. दोरी बदलल्यावर तू नेहमीसारखे चार बाण मारून बघितलेस, ते तुला डावीकडे गेलेले दिसले, आणि तू माशी नीट केलीस. तुझ्या दृष्टीने नीट. सांगितलं नाहीस कारण दोरी बदलल्यावर माशी बघून देणं हे तुझं काम, त्यात सांगायचं काय. हात बरोबर होता तुझा. डोळा चुकत होता.

रक्त तुला दिसलंच नाही. लाल पानावर लाल रक्त, तू वाकलास, बघितलंस, आणि तुला खरंच काही दिसलं नाही. मी तुझ्यावर केवढा घाणेरडा आळ घेतला. पण ते तू मला तिथेच म्हणायचं होतंस, रेनो. 'हेल्मी, मला दिसत नाही, तू बघ.' सहा शब्द. ते बोलण्यापेक्षा तू ओढ्याकडे बोट दाखवलंस.

मग एकेक आठवायला लागलं. उन्हाळ्यापासून चर्चला डार्लीन गाडी चालवते. तू भजनाचं पुस्तक उघडतोस पण पान उलटत नाहीस. पत्त्यांत बदाम आणि चौकट यांत तुझा घोळ होतो आणि तू म्हणतोस, दिवा मंद आहे. मार्चमध्ये बर्फ सारताना तू आमच्या रस्त्यावरच्या तीन पत्रपेट्या उडवल्यास, तिन्ही उजव्या हाताच्या. सगळे म्हणाले, बर्फच तसं होतं.

सोमवारी पहिलं जड बर्फ पडलं. आणि तू रस्ते खात्याच्या बर्फ सारायच्या ट्रकवर नेहमीसारखा चढलास. बारा टनांचा ट्रक, पुढे माणसाच्या छातीपर्यंत उंच पातं, बाजूला दुसरं. या रस्त्यावर शाळेची बस थांबते. वेसची आई मार्लिस टेर्वो ऐंशीची आहे, ती रोज फावडं घेऊन पत्रपेटीपर्यंत रस्ता करते.

शुक्रवारपर्यंत डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि तोपर्यंत ट्रकवर चढू नकोस. रस्ते खात्याला तू स्वतः सांग. तू सांगितलंस तर लोक म्हणतील, रेनो सरळ माणूस आहे. मी सांगितलं तर काय म्हणतील ते तुलाही माहीत आहे आणि मलाही.

हेल्मी


३ डिसेंबर, रविवार

रेनो,

अक्षर वाईट आहे. चालवून घे.

तू बोलला नाहीस, डार्लीनला पाठवलंस. ती आली, कोट न काढता बसली. मी कॉफी ओतली, तिने घेतली नाही.

"तुला हरणाचा सूड घ्यायचाय," ती म्हणाली.

"डार्लीन, त्याला दिसतं का?"

"या रस्त्यावर तो सत्तावीस वर्षं बर्फ सारतोय. डोळे बांधले तरी सारेल."

"मी रस्त्याचं नाही विचारलं. रस्त्यावर कुणी उभं असलं तर त्याला दिसतं का?"

तिने कप माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाली, "अजून चौदा महिने, हेल्मी. मग त्याला पेन्शन आहे, आणि माझ्या औषधांचा विमा त्याच्या नोकरीवर आहे. तू काय मला मारायला निघालीस?" आणि रडायला लागली. मी तिच्यासमोर स्वयंपाकघरातला टॉवेल ठेवला. तिच्या जागी मी असते तर कदाचित मीही गप्प बसले असते. पण मी तिच्या जागी नव्हते.

शुक्रवार गेला. तुझा ट्रक गेला, आला, गेला.

मग मंगळवारी सकाळी मी शाळेत सांगितलं की उशीर होईल, आणि दहा वाजता माझ्या पत्रपेटीपाशी जाऊन उभी राहिले. लख्ख उजेड होता, बर्फ थांबलेलं होतं. शिकारीचा नारिंगी कोट घातला होता, जो अर्ध्या मैलावरून दिसावा म्हणूनच बनवतात. म्हटलं, स्वतः बघावं. उगाच कुणाचा संसार कशाला मोडायचा. त्याला दिसत असेल तर मी घरी जाईन, त्याची माफी मागेन आणि परत तोंड उघडणार नाही.

तू वळणावरून आलास. मी हात वर केला. दोन्ही हात वर केले. तू काचेतून सरळ माझ्याकडे बघत होतास, रेनो. मला तुझा चेहरा दिसत होता, तुझी टोपी, तुझ्या तोंडातली काडी. तू वेग कमी केला नाहीस. मी तुझं नाव घेऊन ओरडले आणि शेवटच्या क्षणी मागे बर्फाच्या ढिगात उडी टाकली. बाजूच्या पात्याने पत्रपेटी खांबासकट नेली, आणि सगळं बर्फ माझ्यावर आलं. तू थांबला नाहीस. तुला काही झालंय हेच माहीत नव्हतं.

मी बर्फातून बाहेर आले, घरी गेले, कपडे बदलले आणि गाडी घेऊन रस्ते खात्याच्या कचेरीत गेले. सांगितलं. माझ्या नावानिशी सांगितलं, कागदावर सही केली. डाव्या हाताने, कारण उजवं मनगट मोडलंय. सहा आठवडे प्लास्टर. म्हणून हे अक्षर.

मनगटाचं मी कुणाला सांगितलेलं नाही. विचारलं की म्हणते, पायरीवरून घसरले. तू कुणाला सांगू नकोस असं म्हणत नाही. तुला काय करायचं ते कर.

मला तुझा जितका राग आलाय तितका आयुष्यात कुणाचा आला नाही. नवरा, लार्स, मला सोडून दुलूथला त्या बाईकडे गेला, तेव्हाही नाही. हे काम तुझं होतं. माझ्या हातून तू ते करून घेतलंस. आता गावात मी भावाची नोकरी घालवणारी बहीण, आणि तू बिचारा.

हेल्मी


११ फेब्रुवारी, रविवार

रेनो,

डिसेंबरातलं पत्र न उघडता परत आलं. पाकिटावर तुझ्या हातचं 'नको'. अक्षरं उजवीकडे घसरत गेलेली. म्हणून ते पुन्हा यासोबत घालते आहे, आणि हे मी जाड काळ्या खडूने लिहिते आहे, एका पानावर सात ओळी. तुला स्वतः वाचता यावं म्हणून. डार्लीनला तोंडाने वाचायला लावलंस तर तू अर्धं ऐकणार नाहीस, मला माहीत आहे.

गावाचं सांगते. दुकानात बायका मी आले की बटाटे बघायला लागतात. चर्चमध्ये माझ्या बाकावर मी एकटी. शाळेत कुणी बोलत नाही असं नाही, पण जेवणाची घंटा होईपर्यंत कुणी बोलत नाही. फक्त मार्लिस टेर्वो आली होती, चालत, काठी टेकत. बसली, तीन कप कॉफी प्याली, हवेचं बोलली आणि जाताना म्हणाली, "मी रोज त्याच वेळेला रस्त्यावर असते." एवढंच. मी ती गेल्यावर भांडी घासली, दोनदा.

तुझं मला ग्लेनकडून कळतं. उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध सूज आणि रक्तस्राव, डाव्यालाही सुरुवात. डॉक्टर म्हणाले, उजवा वाचवायला वर्षभर उशीर झाला, डावा राहील, महिन्याला सुई घेतलीस तर. डोळ्यात सुई. आणि रस्ते खात्याने तुला काढलेलं नाही, आजारपणाच्या रजेवर ठेवलंय आणि विमाही चालू आहे, हेही ग्लेननेच सांगितलं. हे तुम्ही दोघं मला सांगू शकला असता. डार्लीन माझ्या टेबलाशी रडली होती. त्या रात्रीपासून मी तिच्या औषधांची काळजी करत होते, आणि तुम्ही मला करू दिलीत.

लोक विचारतात, पश्चात्ताप होतो का. होतो. नर मारल्याचा. ट्रक थांबवल्याचा नाही. आज परत मंगळवार आला तर मी परत जाईन. फक्त थोडी लवकर उडी मारेन.

हेल्मी


२० मार्च, बुधवार

रेनो,

काल तू माझ्या शेजारी गाडीत जायला दोन तास आणि यायला दोन तास बसलास आणि मोजून दोनदा तोंड उघडलंस. म्हणून लिहावं लागतंय. असा माणूस मी बघितला नाही, ज्याच्याशी एका गाडीत बसूनही टपालाने बोलावं लागतं.

डार्लीन बर्फावर घसरली, घोटा मोडला, म्हणून तुला डोळ्याच्या सुईला नेशील का विचारायला तिने मला फोन केला. "मला दुसरं कुणी सुचलं नाही असं समजू नकोस," ती म्हणाली, "वेस नेतो म्हणाला होता. रेनोच म्हणाला, हेल्मीला विचार." मी फोन खाली ठेवला आणि तेव्हाच जाऊन गाडीत पेट्रोल भरून आणलं. हे तुला सांगायचा विचार नव्हता, पण आता लिहून झालं.

आठला हॉर्न दिला तर तू आधीच पायरीवर उभा, दाढी केलेली, चर्चचा कोट. गाडीत बसलास आणि दार असं आपटलंस की आरसा हलला. पहिले चाळीस मैल तू खिडकीबाहेर बघत होतास, म्हणजे जे काय तुला दिसतं ते. मग लांबच्या वळणावर बर्फाचा ट्रक समोरून गेला आणि तू म्हणालास, "पातं फार खाली धरलंय. नवा पोरगा आहे." हे पहिलं.

डॉक्टरांकडे मला आत बसू दिलंस, याचं मला आश्चर्य वाटलं. तू खुर्चीत मागे डोकं टेकलंस, नर्सने पापणी धरली, आणि तुझा हात खुर्चीच्या हातावर असा आवळला गेला की नखं पांढरी पडली. मी तो हात धरला नाही. मनात आलं होतं. पण तू हिसडून सोडवला असतास आणि सुई हलली असती.

येताना काळा चष्मा लावून तू झोपलायस असं मला वाटलं. मग सिल्व्हर नदीचा पूल ओलांडल्यावर तू डोळे न उघडता बोललास. दुसरं आणि शेवटचं.

"मला वाटलं पत्रपेटी गेली. तेवढाच आवाज आला. तू होतीस हे पत्रात वाचलं."

मला रस्ता दिसेना, म्हणून गाडी कडेला घेतली. तुला वाटलं असेल इंजिन तापलं. तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. पाच मिनिटं आपण तिथे बसलो, दोघं पुढे बघत, आणि मग मी गाडी सुरू केली.

उत्तर आता देते. हो, मी होते. आणि तू मला चिरडलं असतंस, तर सगळ्यांत आधी मला तुझीच दया आली असती, याचाच मला सगळ्यांत जास्त राग आहे. मी तुला माफ केलेलं नाही. तूही मला करू नकोस, घाई नाही. अजून नऊ महिने सुया आहेत. दर महिन्याला चार तास, बर्फ असो, पाऊस असो, आपल्याला न बोलायला भरपूर वेळ आहे.

सोळा एप्रिल, मंगळवार, सकाळी आठ. पेस्टी मी आणते, कॉफी तू आण, तुझी माझ्यापेक्षा बरी असते. दार पुन्हा आपटलंस तर साल्मी पुलावर उतरवीन आणि मागे वळून बघणार नाही.

रागावून ये. पण ये.

हेल्मी